माँटे बेलोची डोंगरबाग आणि आमचा दीड एकर मुरूम: वाईनच्या द्राक्षाचं जाणकारांनी सांगावं

घाटमाथा_खानापूर:

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, पळशीच्या बाजूचे. घरची साडेचार एकर बाग आहे, सगळी खायच्या द्राक्षाची. वडील, चुलते आणि मी मिळून करतो. त्याशिवाय डोंगराच्या पोटाला दीड एकर पडीक रान आहे. नुसता मुरूम, आणि हातभर खाली गेलं की पांढरी चुनखड. आजोबांनी त्यात हुलगा, मटकी सोडून कधी काही घेतलं नाही.

दिवाळीला मावसभाऊ सॅन होजेहून आला. येताना एक बाटली आणली, रिज नावाच्या वायनरीची, माँटे बेलो बागेची. मी वाईन फारशी घेत नाही, पण लेबल वाचत बसलो. डोंगराचं नाव, कुठल्या जातीची द्राक्षं किती टक्के, आणि मागच्या बाजूला आत काय काय घातलंय त्याची यादी. वडिलांनी ते सगळं माझ्याकडून मराठीत सांगून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आपल्या पेटीवर व्यापाऱ्याचं नाव असतं." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

भाऊ म्हणतो, ती बाग चुनखडीच्या डोंगरावर आहे आणि त्याच चुनखडीमुळं वाईनला नाव मिळालं. मग आमच्या दीड एकरात का होणार नाही? या बागेचा इतिहास कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. वाईन कशी असते, कशामुळं तशी होते, तेही सांगा. आणि आम्ही लागण करावी का, हेही स्पष्ट सांगा. वडील पन्नाशी ओलांडलेत, मी सव्वीसचा आहे. कर्ज काढायचं असलं तर मीच काढणार.

कृष्णाकाठची_वाई:

दादा, मला द्राक्षातलं कळत नाही, माहेर-सासर दोन्ही हळद-उसाचं. पण एक शंका विचारते. डोंगर म्हटला की आमच्याकडं पाऊस आलाच. पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते ती पावसाळा संपल्यावर लावलेल्या रोपांची. वेल तर बारा महिने जाग्यावर उभा. मग डोंगरावर द्राक्ष टिकतंच कसं? त्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर पाऊस नाही का?

सावळजचा_माळ:

दादा, बाटली उघडली नसेल तर थांबा. उघडली असेल तर एका बैठकीत संपवू नका. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवस रोज घोटभर घ्या. पहिल्या दिवशी नुसता तुरटपणा लागतो, अर्धकच्च्या जांभळासारखा, जीभ आत ओढून घेणारा. दुसऱ्या दिवशी त्यातून पिकल्या करवंदाचा आंबटगोडपणा बाहेर येतो. मागून एक वास येतो, तापलेल्या दगडावर पहिलं पाणी पडलं की येतो तसा. चढणारी वाईन नाही ती. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी लाल वाईन मद्यार्कात साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर जातात, ही बहुतेक साली तेरा-साडेतेराच्या आसपास राहते. द्राक्षं आंबट राखून पिकवायची आणि वेळेत तोडायची, हे त्यांनी सोडलं नाही.

मी हे सांगू शकतो कारण नोकरीची नऊ वर्षं त्या डोंगराच्या पायथ्याला, कुपर्टिनोत काढली. आता सावळजला घरी आहे, अण्णांबरोबर बाग बघतो. कुपर्टिनो संपलं की स्टीव्हन्स क्रीकचं छोटं धरण लागतं, तिथून माँटे बेलो रोड वर चढतो. एका बाजूला दरी, समोरून सायकलवाले. वर पोचलं की पायाखाली सगळी सिलिकॉन व्हॅली, पार खाडीपर्यंत. आणि तुमच्या कमरेला लागतील एवढे जुने वेल. मांडव नाही, इंग्रजी वाय आकाराचा आधार नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली बसून खोड हाताळलं. मनगटाएवढं जाड, साल सुटलेली, आणि घड मुठीत मावेल एवढा. मणी वाटाण्याहून लहान. एक तोंडात टाकला. साल जाड, बिया दोन, आणि गोडी अशी की आपण ज्याला गोड म्हणतो ते पाणी वाटावं.

ताईंच्या शंकेचं आधी सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. तिथं पाऊस पडतो, भरपूर पडतो, पण हिवाळ्यात. वेल तेव्हा पानं टाकून झोपलेला असतो. मार्च-एप्रिलला फुटतो, पुढचा सगळा उन्हाळा कोरडा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडं पाऊस नेमका उलटा, आणि वेल कधी झोपतच नाही. म्हणून आपण त्याला एप्रिलात खरड छाटणी देतो, काडी तयार करून घेतो, आणि ऑक्टोबरात फळछाटणी घेऊन माल थंडीत धरतो. दोन्हीकडं हेतू एकच, मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, आभाळातनं पाणी पडू नये. महाबळेश्वरला ते जमणार नाही, खानापूर-आटपाडी-जतला जमतं. उंचीचं म्हणाल तर माँटे बेलोची बाग १३०० ते २७०० फुटांवर आहे. आपला अजिंक्यतारा त्याहून उंच. नुसत्या उंचीनं काही होत नाही. पॅसिफिक महासागर तिथून पंधरा मैलांवर आहे, त्याची गार हवा डोंगरावर येते, त्यामुळं द्राक्ष सावकाश पिकतं. आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात ते पळत पिकतं. हा फरक पैशानं भरून निघत नाही.

आता इतिहास. १८८५ साली ओसिया पेरोने नावाच्या, मूळच्या इटलीच्या, सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टरकी करणाऱ्या माणसानं डोंगरमाथ्याजवळ १८० एकर जमीन घेतली. उतार बांधून टप्पे पाडले, वेल लावले. तिथल्याच चुनखडीच्या दगडात वायनरी बांधली, डोंगरात खोदून तीन मजले. इटालियनमध्ये माँटे बेलो म्हणजे देखणा डोंगर. १८९२ ला पहिली वाईन निघाली. ती इमारत आजही वापरात आहे. मी तिच्या भिंतीला हात लावून उभा राहिलोय, मे महिन्यात गार होती, आपल्या जुन्या वाड्याच्या तळघरासारखी.

मग १९२० ला देशभर दारूबंदी आली, १९३३ पर्यंत राहिली. बंदी उठल्यावरही ती बाग पूर्वीसारखी उभी राहिली नाही, वरचं रान हळूहळू ओस पडलं. १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकानं पेरोनेच्या खालच्या अंगाची पडीक बाग घेतली आणि त्यात कॅबरने सोव्हिन्यों ही लाल वाईनची जात लावली. त्या काळी कॅलिफोर्नियात कॅबरनेची लागण फार थोडी होती, त्यामुळं हे काम मला मोठं वाटतं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. पुढं जे झालं ते त्यानं लावलेल्या वेलांवर झालं.

१९५९ ला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या चार जणांनी मिळून ती जागा विकत घेतली. डेव्ह बेनियन, ह्यू क्रेन, चार्ली रोझन आणि हॉवर्ड झाइडलर. यांतल्या रोझननं पुढं शेकी नावाचा रोबो तयार करणाऱ्या विभागाचं नेतृत्व केलं, स्वतः विचार करून वाट काढणारा तो सुरुवातीचा रोबो. हे लोक आठवडाभर यंत्रांवर डोकं चालवायचे आणि शनिवार-रविवारी बायकापोरांसह वर येऊन छाटणी, तोडणी करायचे. पहिल्या साली त्यांनी शॉर्टच्या वेलांची वाईन केली फक्त पाव पिंप. आपल्या दुधाच्या कॅनमध्ये मोजली तर जेमतेम दीड कॅन. विकायला नाही, घरी प्यायला. ती इतकी चांगली निघाली की १९६० आणि १९६१ लाही केली, आणि मग १९६२ च्या हंगामाला परवाना काढला. दादा, हे नीट लक्षात घ्या. तीन वर्षं नुसतं चाखून बघितलं, त्या काळात घर त्यांच्या पगारावर चाललं, बागेवर नाही.

१९६९ ला पॉल ड्रेपर आला. शिक्षण तत्त्वज्ञानाचं, वाईनचं कॉलेज केलेलं नाही, पण चिलीत छोटी वायनरी चालवून आलेला. त्यानं जुन्या पद्धती धरून ठेवल्या. यीस्ट बाहेरून आणायचं नाही, बागेतून द्राक्षासोबत येतं त्यावरच आंबवायचं. पिंपं फ्रेंच ओकची आणायची जगभर चढाओढ, यांनी मुख्यतः अमेरिकन ओक वापरला, उघड्यावर वाळवलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बागेतल्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षं वेगळी तोडायची, वेगळी आंबवायची. नंतर नावं झाकून चाखायचं आणि ठरवायचं, कुठला तुकडा माँटे बेलोच्या बाटलीत जाईल आणि कुठला जाणार नाही. मी विचारलं होतं तिथं काम करणाऱ्या एका बाईंना, की दरवर्षी तेच तुकडे येतात का? म्हणाल्या, काही तुकडे बहुतेक दरवर्षी येतात, पण गृहीत कुणालाच धरत नाही.

२४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनविक्रेत्यानं चाखणी ठेवली. लाल वाईन दहा, सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्समधल्या बोर्डोच्या, बाटल्यांवरची नावं झाकलेली, परीक्षक फ्रेंच. पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपचा आला आणि त्याचीच बातमी जगभर गेली. माँटे बेलो १९७१ पाचवी आली. तीस वर्षांनी, २००६ ला, त्याच लाल वाईन पुन्हा लंडन आणि नापामध्ये एकाच वेळी चाखल्या. लोकांना वाटलं होतं की कॅलिफोर्नियाच्या एव्हाना मेल्या असतील. माँटे बेलो १९७१ पहिली आली. मला या दोन्हीतला २००६ चा निकाल जास्त मोलाचा वाटतो. नवी असताना चांगली लागणं सोपं आहे.

१९८६ ला जपानच्या ओत्सुका औषध कंपनीच्या मालकांनी वायनरी घेतली, पण ड्रेपरला हलवलं नाही. तो २०१६ पर्यंत तिथंच होता. ही दुसरी लक्षात घ्यायची गोष्ट. डॉक्टर, इंजिनीअर, औषध कंपनी. त्या डोंगराला नेहमी असा मालक मिळाला ज्याला पुढच्या महिन्याचा हप्ता त्या द्राक्षातून भरायचा नव्हता.

आता आमच्या घरचं सांगतो. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ ला आलं, पलूसला वाईन पार्क जाहीर झालं, आणि आपल्या भागात वाईनचं वारं शिरलं. अण्णांनी २००६ ला दोन एकर शिराज लावली, ही लाल वाईनची जात. एका वायनरीशी करार होता. २००८ ला पहिला माल गेला. वजनाची पावती मी पाहिलीय. गाडी नंबर, टन, ब्रिक्स म्हणजे गोडीचा आकडा. गावाचं नाव नाही, अण्णांचं नाव चुकीचं. ती द्राक्षं तीन जिल्ह्यांच्या द्राक्षांबरोबर एका टाकीत गेली. २००९ ला गोडी तेविसावर आली, अण्णा रोज गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत, आणि गाडी आलीच नाही. आज येते, उद्या येते. थॉमसनसारखी बिनबियांची खायची जात असती तर शेडवर टाकून बेदाणा केला असता. बीवाल्या द्राक्षाचा बेदाणा कोण घेणार? वाटाण्याएवढा मणी बाजारात कोण घेणार? निम्मा माल वेलावर सुकला. मे २०१० ला अण्णांनी बाग काढली. फोनवर त्यांच्या मागं जेसीबीचा आवाज येत होता, मी कुपर्टिनोत ऑफिसच्या जिन्यात उभा. एक खोड त्यांनी गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून ठेवलं. अजून आहे.

म्हणून तुमच्या वडिलांचं वाक्य मला लागलं. आपल्या भागाला नाव द्यायचं कळत नाही असं नाही. बोरगावच्या वसंतराव आरवेंनी थॉमसनमधून नवी जात निवडली, तिचं नाव तास-ए-गणेश. तासगावचा तास, आरवेंचा ए, आणि पुढं गणपती. एका नावात गाव, माणूस आणि देव. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पण कुठल्या माळाचं द्राक्ष, कुठल्या उताराचं, हे आपण कुणालाच सांगत नाही, कारण विचारणारा कुणी नाही. द्राक्षात ते विचारतात वाईनवालेच.

तुम्हाला माझं उत्तर: कर्ज काढून दीड एकर लावू नका. दहा गुंठे लावा.

पलूस_तळघर:

मी एका छोट्या वायनरीत तळघराचं काम बघतो. माळकाकांनी सांगितलं ते सगळं बरोबर. फक्त चुनखडीचं स्पष्ट करतो, नाहीतर दादा फसतील.

माँटे बेलोला खाली चुनखडीचा खडक आहे, भेगा पडलेला. वर चिकणमाती आणि हिरवट दगडाचा थर. भेगांतून पाणी निचरून जातं, मुळं खोल उतरतात. तुमच्याकडं आहे ती मातीतली चुनखड, खडे आणि भुकटी. ती मातीचा सामू (पीएच) वाढवते, लोह वेलाला मिळत नाही, आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. थॉमसनला तुम्ही हे बघितलंच असेल, त्यासाठी फेरसच्या फवारण्या करतो आपण. तेव्हा दोन्हीकडं चुनखड आहे म्हणून वाईन तशीच होईल, असं अजिबात नाही. पहिलं काम म्हणजे माती परीक्षण, त्यात मुक्त चुन्याचं प्रमाण मुद्दाम मागून घ्या. एक फुटाचं वेगळं, दोन फुटांचं वेगळं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कागद घेऊन तिथं जा आणि कलमाखालचा खुंट कुठला धरायचा ते विचारा. शेजाऱ्यानं डॉगरीज खुंट लावला म्हणून तुम्ही लावू नका.

दुसरं, खायच्या द्राक्षाच्या सवयी विसराव्या लागतील. मणी फुगवायला जी.ए. या संजीवकात घड बुडवणं नाही. एकरी दहा-बारा टनांचा हिशोब नाही, चार-पाच टनांवर माल ठेवायचा. पाणी तोडून वेल थोडा तहानेला ठेवायचा. आणि गोडीबरोबर आंबटपणाही मोजायचा. आमच्याकडं शेतकरी फोन करतात, "साखर चोवीस झाली, गाडी पाठवा." मी विचारतो, रसाचा सामू किती? उत्तर नसतं. फेब्रुवारीत रात्री गार नसल्या तर आंबटपणा चार दिवसांत उतरतो आणि मग ती वाईन पोकळ लागते. तोडणी पहाटे करायची, दहाच्या आत माल सावलीला.

शिराज आपल्याकडं कॅबरनेपेक्षा समजुतीनं येते. कॅबरनेला कोवळ्या शेंगेसारखा हिरवा वास राहतो, लवकर तोडली तर. आणि घरी करून विकायची गोष्ट मनात आणू नका, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो.

घाटमाथा_खानापूर:

काका, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जेसीबीचं आलं तिथं ते उठून बाहेर गेले. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या दोन बागाही तेव्हाच गेल्या होत्या, मी शाळेत होतो, मला फक्त वेलांचा जाळ आठवतो.

पलूसदादा, पानं पिवळी पडतात ते खरं आहे, वरच्या कडेच्या ओळीत दरवर्षी. माती काढायला उद्याच जातो. वडील म्हणाले, दहा गुंठे लाव, ठिबकची लाईन मी ओढून देतो. पण दहा गुंठ्यांतनं टनभर माल निघाला तर तो घेणार कोण? आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या टाकीतच जाणार ना?

पलूस_तळघर:

टनभराला वेगळं भांडं देता येतं. छोट्या स्टीलच्या टाक्या आमच्याकडं हंगामाच्या शेवटी रिकाम्या असतात. मालकांशी मी बोलून ठेवतो, शब्द आत्ता देत नाही. पहिली दोन वर्षं तसाही माल धरायचा नाही, तेवढा वेळ आहे. ठरलं तर सगळं लिहून घ्या, दर, तोडणीची तारीख कोण ठरवणार, गाडी कोणाची, आणि माल नाकारला तर काय. तोंडी काही नको.

सावळजचा_माळ:

वेगळं भांडं मिळत असेल तर सगळं मिळालं. त्या चौघांकडंही पहिल्या साली पाव पिंपच होतं.

एक करा दादा. दहा गुंठे एका चौकोनात लावू नका. पाच गुंठे वरच्या मुरमाच्या कडेला, पाच खाली जिथं पोयटा साठतो तिथं. जात एक, खुंट एक, छाटणी एकाच दिवशी. माल वेगळा तोडा, आणि टाकीत टाकण्याआधी दोन्हींची दोन-दोन किलो वेगळ्या बादल्यांत चिरडून रस चाखा, पलूसदादांना चाखवा, कुठली कुठं ते न सांगता. तुमच्या रानात कुठला उतार बोलतो ते तिथं कळेल. वही ठेवा, फुटवा कधी, पाणी उतरलं कधी, गोडी आणि सामू दर आठवड्याला. त्या रानाला घरात काय नाव आहे? आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला आहे, बाभळीचा, थोरला, विहिरीवरचा. वहीच्या पहिल्या पानावर ते नाव घाला.

आणि अण्णांना मी हे सगळं सांगितलं. शिराज गेल्यापासून त्यांनी वाईनचा शब्द काढला नव्हता. काल रात्री जेवताना विचारलं, "त्या पोराचं रान कुठल्या अंगाला उतरतं? पूर्वेला असलं तर बरं, दुपारचं ऊन चुकेल." रविवारी आम्ही दोघं येतो. छाटणीची कात्री ते स्वतःची आणणार आहेत.

घाटमाथा_खानापूर:

पूर्वेलाच उतरतं काका. घरात त्याला सगळे आज्याचा माळ म्हणतात. खानापूरच्या स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो, नऊ वाजता. जेवायला वांग्याचं भरीत आणि भाकरी.